‘लिमिटलेस’: गोळी आहे, यकृत नाही

नील बर्गर यांचा २०११ सालचा ‘लिमिटलेस’ अर्ध्यापर्यंत खरं बोलतो. लेखन अडलेला एडी मोरा एनझेडटीची गोळी घेतो आणि पुस्तक हातावेगळं करतो. मग मधले तास आठवेनासे होतात, गोळी सुटली तर जिवावर बेततं. इथवर ठीक. पण शेवटी एडी सांगतो, औषध सुधारून घेतलं, आता गोळीही लागत नाही. बुद्धी मात्र राहिली! किंमत मोजायची वेळ आली आणि पटकथेनं बिलच फाडून टाकलं.

माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. या चित्रपटात गोळी थेट मेंदूत जाते. यकृत जणू नाहीच. प्रत्यक्षात औषधं एकत्र आली की अनेकदा पहिला हिशोब तिथंच होतो. मोडाफिनिलचंच बघा ना. झोपेच्या विकारावर देतात ते. यकृतातली काही एन्झाइम्स ते वाढवतं, म्हणून गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम घटतो. औषध थांबवल्यावरही महिनाभर काळजी घ्यावी लागते. उलट फ्लुवोक्सामाइन कॅफिनचा निचरा अडवतं. एरवी पाचेक तासांत निम्मं होणारं कॅफिन मग दिवस उलटला तरी अंगात रेंगाळतं. झोप उडते, आणि झोपेविना स्मरणशक्ती कसली वाढणार?

चहातलं कॅफिन आणि एल-थिअनीन ही जोडी त्यामानानं सौम्य. तरी नवीन काही जोडण्याआधी चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना सांगा, आणि एका वेळी एकच बदल करा. एडीला हे सांगणारं चित्रपटात कुणीच भेटत नाही.