प्रजाती मोजल्या, पण कुठल्या?

आज एक 2012 चा पेपर वाचू. लेखक हॅना मॉसमन, अँथनी डेव्ही आणि अ‍ॅलस्टर ग्रँट. जर्नल ऑफ अप्लाइड इकॉलॉजी.

विषय सॉल्ट मार्श, म्हणजे भरतीच्या पाण्यात भिजणारी, खारं पाणी सोसणाऱ्या वनस्पतींची दलदल. समुद्राची पातळी वाढतेय, म्हणून ब्रिटनमध्ये काही जुने समुद्रबांध (आपल्या कोकणातल्या खारबंधाऱ्यांसारखे) मुद्दाम फोडून भरती शेतजमिनीवर येऊ देतात. गाळ साचतो, दलदल तयार होते, ती लाटांचा जोर मोडते. शिवाय बांधकामात गेलेल्या नैसर्गिक दलदलीची भरपाई म्हणूनही ही नवी दलदल दाखवतात. मग ती जुनीच्या तोडीची आहे का? नसेल, तर भरपाई कागदावरच राहते.

लेखकांनी मुद्दाम फोडलेल्या 18 जागा, बांध आपोआप फुटलेल्या 17 जागा आणि 34 नैसर्गिक दलदली तपासल्या. आता नीट बघा. प्रजातींची नुसती संख्या घेतली, तर वर्षभरातच नवी जागा शेजारच्या नैसर्गिक दलदलीच्या बरोबरीला येते. इथेच थांबले असते, तर ‘यशस्वी’ म्हणून मोकळे झाले असते. पण त्यांनी ‘कुठल्या प्रजाती?’ हेही विचारलं. तेव्हा दिसलं, की आधी शिरकाव करणाऱ्या वनस्पतींचंच राज्य आहे. सी-लॅव्हेंडरसारख्या बहुवर्षायू वनस्पती तुरळक. तुम्ही म्हणाल, बांधाआडची जमीन खचलेली असते, म्हणून असेल. उंचीचा फरक हिशेबात धरूनही तफावत उरते. पेपरची खरी ताकद इथे आहे.

कमजोरी? मुख्यतः वेगवेगळ्या वयाच्या जागा शेजारी मांडून काळाचा अंदाज बांधलाय. आणि आपोआप फुटलेले जे बांध पुन्हा बांधलेच नाहीत, त्या जागा काही चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नव्हेत. कदाचित त्या मुळातच वेगळ्या असतील.

आणखी एक सांभाळा. हा पेपर वनस्पतींबद्दल आहे, लाटा अडवण्याबद्दल नाही. ‘दलदली परत आणणं फसलं’ असा निष्कर्ष यातून काढू नका. त्यासाठी गाळ साचण्याचा वेग आणि पाणी वाढण्याचा वेग यांची तुलना लागेल.

स्वतःचा संशोधन प्रस्ताव लिहिताना ‘यशस्वी’ हा शब्द आला, की तिथेच थांबा. कशाच्या तुलनेत आणि कुठल्या मोजमापाने, हे फील्डवर जाण्याआधी लिहून ठेवा. नंतर सोयीचं मोजमाप सापडतंच.