बायबलमधील भूकंप : दैवी सामर्थ्याचे चिन्ह आणि त्याचा अर्थ

ख्रिस्ती धर्मग्रंथात भूकंप ईश्वरी सामर्थ्याचे चिन्ह म्हणून येतो, हे विधान अभ्यासक आणि प्रवचनकार सारख्याच सहजतेने करतात. ते चुकीचे नाही. मात्र त्यावरून ‘भूकंप म्हणजे शिक्षा’ असा निष्कर्ष ज्या घाईने काढला जातो, तितकी मुभा संहिता देत नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लिस्बन शहर कोसळले. गाब्रिएल मालाग्रिदा या जेझुइट धर्मगुरूंनी त्याचे खापर नागरिकांच्या पापांवर फोडले. प्रार्थनेला जमलेले असंख्य लोक चर्चच्या ढिगाऱ्याखालीच गाडले गेले होते, याचे उत्तर त्या उपपत्तीत नव्हते.

निर्गमच्या १९व्या अध्यायात सीनाय पर्वत थरारतो. धूर, अग्नी आणि कंप यांतून तेथे ईश्वराचे सान्निध्य व्यक्त होते. त्या कंपाने कोणाचा बळी जात नाही. परंतु पहिले राजे या ग्रंथाच्या १९व्या अध्यायात, परंपरेने त्याच मानलेल्या होरेब पर्वतावर, ईजबेल राणीच्या भयाने पळालेल्या एलीयासमोर वादळ, भूकंप व अग्नी क्रमाने येतात आणि परमेश्वर त्यांपैकी कशातच नसतो. तो प्रत्ययास येतो तो नंतरच्या सौम्य ध्वनीत. सीनायच्या प्रतिमासृष्टीला ग्रंथाने स्वतःच घातलेली ही मर्यादा होय.

आमोसच्या पुस्तकाच्या आरंभी उज्जीया राजाच्या काळातील भूकंपाचा उल्लेख केवळ कालनिर्देशासाठी आहे. हासोर येथील उत्खननात इ. स. पूर्व ८व्या शतकातील अशा विध्वंसाच्या खुणा आढळल्या आहेत. गरिबांना तुडवणाऱ्यांमुळे भूमी कापेल, असा इशारा आमोस पुढे देतो, हे खरे. पण घडलेल्या भूकंपाचे कारण तो सांगत नाही. दुसरे इतिहास या ग्रंथात उज्जीयाने मंदिरात धूप जाळण्याचा केलेला अपराध व त्याला झालेले कोड यांचे वर्णन आहे. तेथे भूकंप नाही. या दोन्ही घटनांची सांगड घातली ती इ. स. १ल्या शतकातील इतिहासकार योसेफसने. शिक्षेचा अर्थ येथे भाष्यकाराने पुरवला आहे.

या दृष्टीने मत्तयकृत शुभवर्तमान सर्वाधिक विचारणीय ठरते. येशूच्या मृत्युसमयी आणि रिकाम्या कबरीपाशी होणारे भूकंप मार्क, लूक व योहान यांच्यात नाहीत. ते एकट्या मत्तयचे आहेत. समुद्रातील वादळालाही तो भूकंपवाचक ग्रीक शब्द ‘सेइस्मॉस’ वापरतो. येशूच्या प्रवेशाने यरुशलेम हादरते, वधस्तंभापाशी भूमी हादरते, कबरीवरील पहारेकरी हादरतात : मूळ क्रियापद एकच आहे. भाषांतरात हे सूत्र तुटते आणि भूकंप सुटा चमत्कार वाटू लागतो. विशेष म्हणजे, ज्यांनी वधस्तंभ उभारला त्यांच्यावर ही भूमी कोसळत नाही. खडक फुटतात, कबरी उघडतात आणि रोमन शताधिपती येशूला ईश्वरपुत्र म्हणून ओळखतो. अपराध एवढा उघड असताना मत्तयने दंडाची संधी घेतलेली नाही!

प्रकटीकरणाचा ग्रंथ अर्थातच याला अपवाद आहे. तेथे (११:१३) नगराचा दहावा भाग पडतो व सात हजार माणसे मरतात. हा दंड आहे, यात संशय नाही. पण ते दर्शन आहे, घडलेल्या आपत्तीवरचा निवाडा नव्हे. मालाग्रिदांसारखे भाष्यकार नेमका हाच भेद पुसून टाकतात.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १६व्या अध्यायातील भूकंप फिलिप्पै येथील तुरुंगाचा पाया हादरवतो. दारे उघडतात, बेड्या गळतात. तरीही कोणी पळत नाही. कैदी निसटले अशा समजुतीने तुरुंगाधिकारी स्वतःवर तलवार उपसतो. त्याच्या दृष्टीने त्या कंपाचा अर्थ सर्वनाश एवढाच असतो. अंधारातून पौल ओरडून सांगतो, की सगळे येथेच आहेत. तेव्हा तो दिवा मागवून आत धावतो.