‘स्त्री-पुरुष तुलना’ आणि बुद्धिवर्धनाचा प्रश्न

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रीवर लादलेले दोष पुरुषातही आहेत आणि तिचे अज्ञान हे शिक्षण नाकारल्याचे फळ आहे, अशी त्यातील मांडणी आहे. बुद्धिवर्धनाच्या तंत्रज्ञानाला ही कसोटी लावणे उद्बोधक ठरते. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक कंपनीची चिप प्रथमच मानवी मेंदूत बसविण्यात आली. मणक्याच्या दुखापतीने हातपाय निकामी झालेल्या रुग्णासाठी ते साहाय्य होते. निरोगी धनवानांना बुद्धी विकत घेता आली, तर मात्र संधीची विषमता शरीरातच रुजेल. येथे ताराबाईंच्या युक्तिवादाची मर्यादा दिसते. अज्ञान हे केवळ संधीअभावी असते, या गृहीतावर तो उभा आहे. क्षमतेतील भेद खराच निर्माण झाल्यास हे गृहीत अपुरे पडेल. प्रौढ मताधिकार बुद्धी मोजून दिलेला नाही. समतेचा तोच आधार अधिक बळकट करावा लागेल.