तण कोणाचं? माझ्या प्रश्नावलीतला सातवा प्रश्न

प्रश्नावली कशी तपासायची, असं बरेच जण विचारतात. आज माझीच एक तपासून दाखवते. तेवढ्यासाठी एका जुन्या कायद्याचंही वाचन करावं लागेल, कारण चूक तिथूनच माझ्याकडे आली.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत पडीक जमिनीवर पसरणारी तणं हा माझा विषय. प्राथमिक पाहणीतला सातवा प्रश्न असा होता : ‘उपद्रवी तण काढण्याची जबाबदारी कोणाची?’ पर्याय चार : जमीनमालक, ग्रामपंचायत, कृषी विभाग, सांगता येत नाही. मुरबाड तालुक्यातल्या एका पाड्यावर एक मावशी म्हणाल्या, “काढतो आमी. पण जमीन आमची नाय.” मी ‘सांगता येत नाही’ वर खूण केली आणि पुढच्या घरी गेले.

रात्री कागद लावताना लक्षात आलं, मावशींनी अगदी स्पष्ट सांगितलं होतं. सांगता येत नव्हतं ते माझ्या पर्यायांना.

‘जमीनमालकाची जबाबदारी’ ही कल्पना आली कुठून? मद्रास प्रांतात १९१९ साली शेतीवरील कीड व रोगांचा कायदा झाला, त्यात उपद्रवी तणंही घेतली होती. मुंबई प्रांताचा तसाच कायदा १९४७चा. कर्नाटकाने आपल्या १९६८च्या कायद्याखाली १९७५ साली गाजर गवत उपद्रवी तण म्हणून जाहीर केलं. या सगळ्या कायद्यांचा साचा साधारण एकच. सरकारने अधिसूचना काढायची, जमिनीचा भोगवटा असणाऱ्याने तण नष्ट करायचं, नाही केलं तर अधिकाऱ्याने करून घ्यायचं आणि खर्च त्याच्याकडून वसूल करायचा.

यामागचा विचार चुकीचा नाही, हे आधी मान्य करू. गाजर गवताचं एक झाड दहा हजारांहून जास्त बिया देऊ शकतं. वारा, पाणी, गुरांचे खूर, गाड्यांची चाकं या बिया कुठेही नेतात. १९५०च्या दशकात पुण्याच्या परिसरात नोंदलेलं हे गवत देशभर पसरलं ते असंच. शेजारच्याने रान तसंच सोडलं तर माझी खुरपणी वाया. म्हणून प्रत्येकावर थोडी सक्ती हवी, हे पटतं.

माझा आक्षेप ‘भोगवटा’ या शब्दाला आहे. १९१९च्या कायद्याच्या व्याख्येत ज्याला जमिनीचा हक्क आहे तोही येतो आणि जो प्रत्यक्ष जमिनीवर आहे तोही येतो. अधिकाऱ्याच्या दृष्टीने सोयीचं : जो हाताला लागेल त्याच्या हातात नोटीस.

आता शहापूर-मुरबाडच्या रस्त्याने जा. हाताला कोण लागतं? सातबाऱ्यावर नाव असलेले खातेदार अनेकदा डोंबिवलीत, ठाण्यात नाहीतर मुंबईत. जमीन भाव येईपर्यंत पडून. जमिनीवर असतो तो राखणदार, किंवा तोंडी बोलीवर अर्धेलीने भात लावणारं एखादं कातकरी किंवा ठाकर कुटुंब. त्यांचं नाव कागदावर का नसतं? १९४८चा कूळ कायदा. कसणाऱ्याची नोंद झाली तर उद्या तो कूळ म्हणून हक्क सांगेल, ही मालकाची भीती. म्हणून लिहायचंच नाही.

म्हणजे बघा, एका कायद्याच्या धाकाने जो माणूस कागदावरून गायब केला जातो, तोच दुसऱ्या कायद्याच्या व्याख्येत ‘प्रत्यक्ष जमिनीवर असलेला’ म्हणून सापडतो. हक्काच्या वेळी दिसत नाही, जबाबदारीच्या वेळी पहिला दिसतो. माझा सातवा प्रश्नही नेमकं हेच करत होता.

दुसरं टोक बघू. गाजर गवत भाताच्या खाचरात फारसं टिकत नाही, कारण चिखल आणि साचलेलं पाणी त्याला मानवत नाही. ते माजतं रस्त्याच्या कडेला, रुळांलगत, भरावावर, पडीक माळावर. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी ही स्टेशनं, मुंबई-नाशिक महामार्ग, समृद्धी महामार्ग, भातसा आणि तानसा धरणांभोवतालच्या जमिनी, वनखात्याची हद्द. शहापूर तालुक्यातले मोठे भोगवटादार हे असे सार्वजनिक आहेत. सरकारी अधिकाऱ्याने सरकारी खात्याला नोटीस द्यायची आणि खर्च वसूल करायचा, हे कागदावर शक्य असलं तरी अशा कायद्याचा दात लागतो तो दोन गुंठेवाल्याला.

तिसरी गोष्ट, तण ठरवतं कोण? टाकळा आणि कुर्डू तणांच्या पुस्तकात तण आहेत. पावसाळ्यात मुरबाडच्या बाजारात त्याच्याच जुड्या विकून आदिवासी बायका मिठामिरचीचे पैसे उभे करतात. कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो आणि त्याच महिन्यात, १६ ते २२ तारखांना, देशभर गाजर गवत जागृती सप्ताह असतो. दोन्ही उपक्रम चांगलेच. पण बांधावर सरसकट तणनाशक मारलं तर फवाऱ्याला गाजर गवत आणि टाकळा यांतला फरक कळत नाही. ‘मालकाने रान साफ ठेवावं’ या वाक्यात भाजी खुडणारीचा विचार नाही. ती मालकही नाही आणि भोगवटादारही नाही.

अशा विषयावरचे प्रबंध बऱ्याचदा एकाच निष्कर्षावर संपतात : ‘शेतकऱ्यांमध्ये जागरूकतेचा अभाव आढळला.’ तुम्ही हे वाक्य लिहिण्याआधी थांबा. याच भागात राब भाजतात. रोपवाटिकेच्या जागेवर पाला, शेण, गवत पसरून जाळतात, त्यात वरच्या थरातल्या तणाच्या बिया मरतात. मग चिखलणी, मग खाचरात पाणी. तण दाबण्याचं शास्त्र लोकांना माहीत आहे. शेत पडीक पडलं की हे करणारे हात तिथून निघून जातात. तो ज्ञानाचा अभाव नव्हे.

जैविक उपाय आहेतच. मेक्सिकन भुंगा १९८३ साली भारतात आणला गेला, दुसऱ्या वर्षी बंगळूरला सोडला. तो गाजर गवताची पानं फस्त करतो आणि त्याला सातबारा लागत नाही. पण त्याचं काम मुख्यतः पावसाळ्यातलं. त्यामुळे जबाबदारीचा प्रश्न त्याच्यावर टाकून सुटत नाही.

मग जबाबदार कोणीच नाही का? आहे. माझ्या मते जमीन पडीक ठेवून ज्याला फायदा होतो, खर्च त्याचा. कागदावर ज्याचं नाव आहे त्यालाच नोटीस जावी, राखणदाराला नाही. आणि सुरुवात सार्वजनिक जमिनींपासून व्हावी. याला एक अडचण आहे, तीही सांगते : खातेदार तण काढायचं काम पुन्हा त्याच कुटुंबाकडून फुकट करून घेईल. म्हणून ‘काढलं का?’ एवढं विचारून भागणार नाही, ‘मजुरी कोणी दिली?’ हेही विचारायला हवं.

सातवा प्रश्न मी काढून टाकला. आता तिथे तीन प्रश्न आहेत : या जमिनीवर कागदोपत्री नाव कोणाचं? गेल्या पावसात तण कोणी काढलं? त्याचे पैसे कोणाला मिळाले? पर्याय दिलेले नाहीत, रिकाम्या ओळी सोडल्या आहेत. पुढच्या महिन्यात त्याच पाड्यावर परत जायचंय. मावशींच्या कागदावरची ती खूण आधी त्यांच्यासमोर खोडणार आहे.