ग्रहणगणितातील एका ऋणचिन्हाविषयी

एस्पेनॅक व मेयुस यांच्या २००६ साली नासाने प्रसिद्ध केलेल्या पाच सहस्रकांच्या सूर्यग्रहणकोशात डेल्टा-टीसाठी, म्हणजे एकसमान काल व पृथ्वीच्या परिवलनावरून ठरणारा काल यांतील अंतरासाठी, बहुपदींची एक माला दिली आहे. जुन्या निरीक्षणांवर वक्र बसवून ती सिद्ध झालेली असून अनेक संगणक-आज्ञावलींनी ती उचलली आहे. तिच्या उपयुक्ततेविषयी वाद नाही. आक्षेप आहे तो तिच्या जोडीला दिलेल्या संस्काराच्या मांडणीवर.

१९५५ पूर्वीच्या बहुपदींत चंद्रगतीचा प्रवेग −२६ विकला (दर शतकवर्गास) गृहीत आहे. कोशाने मात्र −२५.८५८ हा अंक स्वीकारला. म्हणून −०.००००१२९३२ × (वर्ष − १९५५)² सेकंद एवढा संस्कार द्यावयाचा असतो. या अंकाचे मूळ रूप −०.९१०७२ × (प्रवेग + २६) × (शतके)² असे आहे. प्रवेग स्वतःच ऋण आहे हे विसरून कंसात २५.८५८ − २६ लिहिले की फल धन होते, आणि आज्ञावली विनातक्रार चालू राहते. आपल्या करणग्रंथांत देशांतरसंस्कार पूर्वेस ऋण, पश्चिमेस धन असा शब्दांनी सांगितलेला असे. नुसत्या चिन्हापेक्षा ती पद्धत अधिक सावध म्हटली पाहिजे.

ऋणचिन्ह का, हे तर्काने पडताळता येते. मंदन कमी मानले तर प्राचीन काळी चंद्र गणिताने थोडा पुढे येतो. त्यामुळे एकसमान कालात अमान्त आधी घडतो. निरीक्षणाचा स्थानिक काल तोच राहिल्याने डेल्टा-टी घटलाच पाहिजे.

परिणाम किरकोळ नाही. खगोलीय वर्ष −५०० साठी संस्कार सुमारे ७८ सेकंद. चिन्ह उलटल्यास चूक दुप्पट, १५६ सेकंद, म्हणजे रेखांशात ३९ कला. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या अक्षांशावर हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर होते. डेल्टा-टी वाढला की छायापथ पूर्वेस सरकतो. वस्तुतः जालन्यावरून जाणारी छाया अशी आज्ञावली जवळजवळ लोणारच्या विवरावर आणून ठेवील.

तथापि त्याच वर्षासाठी डेल्टा-टीची अनिश्चितता सुमारे ४३० सेकंद दिलेली आहे. प्राचीन ग्रहणाच्या नोंदीशी ताडून ही चूक सापडणे त्यामुळे दुरापास्त. ती अनिश्चिततेच्या आड सुखाने राहते. कोशातील छापील मूल्याशी अंकाला अंक लावून पाहिल्यासच ती उघड होते, आणि दुरुस्ती एका अक्षराची असते.