'इसम' शब्दाचे सेमिटिक मूळरूप

बारामती तालुक्यातील पणदरे येथे असो वा अन्यत्र, पंचनाम्यातील 'इसम' म्हणजे माणूस. फारसीमार्गे मराठीत आलेल्या या अरबी शब्दाचा मूळ अर्थ मात्र 'नाव' असा आहे. 'असामी' हेही त्याच्याच अनेकवचनाचे रूप होय. नावाच्या नोंदीवरून नाव धारण करणाऱ्या व्यक्तीचा बोध होऊ लागला, असे दिसते.

'इस्म'च्या व्युत्पत्तीविषयी अरबी वैयाकरणांत दोन पक्ष होते. बसऱ्याच्या संप्रदायाने 'उंची'वाचक स-म-व हा धातू मानला. कूफ्याच्या संप्रदायाने 'खूण'वाचक व-स-म हा. दोहोंचा दोष एकच : नाम त्रिव्यंजनी धातूपासूनच निघाले पाहिजे, हा आग्रह. भगिनीभाषांच्या साक्षीपुढे तो टिकत नाही. अक्कादी 'शुमु', हिब्रू 'शेम', गीझ 'सम्' आणि अरबी 'इस्म' यांत समान व्यंजने दोनच आढळतात. अरबीतील आद्य इकार उच्चारसौकर्यासाठी आलेला आहे. 'बिस्मिल्ला'त 'बि'नंतर तो लोप पावतो. अक्कादीतील उकाराचा उलगडा ओष्ठ्य मकाराच्या सान्निध्याने होतो. यास्तव 'शिम्-' हे द्विव्यंजनी मूळरूप मानणे युक्त ठरते.

बसरापक्षास 'अस्मा' या अनेकवचनाचा आधार आहे, हे खरे. परंतु त्यातील तिसरे व्यंजन अनेकवचनाच्या साच्याने पुरविलेले आहे. साच्यालाच पुरावा समजण्याची ही चूक केवळ अरबी वैयाकरणांची नव्हे. प्रत्येक मराठी शब्दामागे संस्कृत धातू शोधणाऱ्यांनीही तिची नोंद घेणे इष्ट होय.