आंधळ्यासमोर खाणाखुणा

'अंधाधुन' अजून पाहिला नसेल तर इथेच थांबा, आधी तो बघून या. पुढे मी सगळं फोडणार आहे.

श्रीराम राघवनचा हा सिनेमा ५ ऑक्टोबर २०१८ ला आला. मी तो नाशिकला मावसभावाबरोबर पाहिला. गोष्ट पुण्यातली. आंधळेपणाचं सोंग घेणारा पियानोवादक आकाश, जुना हिरो प्रमोद सिन्हा आणि त्याची तरुण बायको सिमी. (प्रमोदच्या भूमिकेत 'पिया का घर'चा खराखुरा हिरो अनिल धवन आहे. तो सिनेमा म्हणजे आपला 'मुंबईचा जावई'.) खून होतो आणि तो कोणी केला हेही लगेच कळतं. रहस्यपटाचं सगळं भांडवल सुरुवातीलाच उधळून टाकलं, मग उरलं काय? कोणाला किती दिसतंय, आणि दिसलेलं तो कुठवर दाबून ठेवू शकतो, एवढंच. तेवढ्यावर सिनेमा श्वास रोखायला लावतो.

तो प्रसंग आठवा. आकाश पियानो वाजवतोय. समोर प्रेत. सिमी आणि तिचा प्रियकर मनोहर तोंडातून अवाक्षर न काढता, नुसत्या खाणाखुणांवर ते प्रेत बॅगेत कोंबतायत. आकाशला सगळं दिसतंय, पण सूर चुकला की संपलं. मूळ कल्पना 'लाकोर्दर' या २०१० च्या फ्रेंच लघुपटाची. त्यात पियानो वाजवणाऱ्याचं पुढे काय झालं ते दाखवतच नाहीत. राघवन मात्र तिथून गोष्ट सुरू करतो. आकाश तक्रार द्यायला पोलिसांकडे जातो, तर साहेब म्हणून समोर मनोहरच! मग बिचारा मांजराच्या खुनाची गोष्ट रचतो.

प्रेत उचलताना अख्खं थिएटर खिदळत होतं. मीही. आणि हसता हसता मला आजी आठवली.

काचबिंदूने आजीची दृष्टी गेली तेव्हा मी आठवीत होते. पंचवटीतला वाडा विकायचा की नाही, यावर आमच्याकडे तिच्यासमोरच बोलणी चालायची. तोंडाने भलतंच काही, आणि खरी बोलणी डोळ्यांनी, बोटांनी. मीही त्यात होते. एकदा ती शांतपणे म्हणाली, "अगं, एवढ्या बांगड्या कशाला वाजवताय? विका की." आई बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

म्हणून तो प्रसंग मला नुसता चलाख वाटत नाही. आंधळ्यासमोर माणूस जसा वागतो, तसाच तो खरा असतो, हे राघवनला नेमकं कळलंय. तब्बूने सिमी केलीय तीही त्याच भानाने. आकाशसमोर तिचा आवाज गोड असतो, चेहरा मात्र तिने केव्हाच उतरवून ठेवलेला असतो.

उत्तरार्ध सैल आहे, ही तक्रार सगळेच करतात. किडनीवाला डॉक्टर, रिक्षावाला, लॉटरीची तिकिटं विकणारी सखू (छाया कदम झकास) असं बरंच काही एकावर एक येतं. मलाही तो भाग लांबला वाटला. पण दोन वर्षांनी परदेशात सोफीला हे सगळं सांगतोय कोण? आकाशच. ज्या भागाला सोफी किंवा शेजारचा बंडू साक्षीला नाही, नेमका तिथेच योगायोगांचा पाऊस पडतो. ऐन वेळी ससासुद्धा धावून येतो. सोफी निघून जाते आणि हा 'आंधळा' वाटेतला कॅन काठीने अचूक उडवतो. मग सैल काय आहे, पटकथा की त्याची थाप?

मावसभाऊ म्हणाला, "या हिशोबाने दिग्दर्शकाला काहीही माफ." मुद्दा खोडता आला नाही. पण बंडू फोनवर आकाशचं गुपचूप शूटिंग करतो, तेवढा एक पुरावा सोडला तर बाकी सगळ्यासाठी आपल्याला आकाशच्या शब्दावरच विसंबावं लागतं.

पुढे टीव्हीवर 'अंधाधुन' लागला तेव्हा आजी शेजारी बसली होती. पियानोचा प्रसंग आला. बराच वेळ संवाद नाही, नुसतं वाजवणं. मला वाटलं ती कंटाळली असेल.

"काहीतरी ओढतायत ना गं?" तिने विचारलं.